कराटेच्या जोडीला काय घ्यावं : बॉक्सिंग की ज्युदो?

ब्राउन बेल्टच्या पुढे गेलेल्या कराटेपटूला दोन उणिवा हमखास जाणवू लागतात. पहिली म्हणजे एक गुण मिळाला की आपण थांबतो, समोरचा मात्र थांबेलच असं नाही. दुसरी म्हणजे कोणी कॉलर धरली किंवा अंगाशी येऊन मिठी मारली की पंच ‘यामे’ (थांबा) म्हणेपर्यंत आपल्या हातांना काही कामच उरत नाही. पहिल्या उणिवेवर बॉक्सिंग हा उपाय आहे, दुसरीवर ज्युदो. बाकी पर्याय पुढे येतीलच, पण बहुतेकांची निवड या दोनच दारांशी अडते. इथे शोतोकान, शितो-र्यू किंवा गोजू-र्यू या शैलींचं कराटे करणारा वाचक गृहीत धरला आहे. क्योकुशिन शैलीवाल्यांचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे.

बॉक्सिंगचं देणं आधी मान्य करतो, कारण ते मोठं आहे. कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, आपण सरळ रेषेत आत शिरतो, ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारतो आणि निकालाची वाट बघत क्षणभर गोठतो. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये तो क्षण महाग पडतो. पहिला ठोसा फक्त दार उघडायला असतो, खरं काम दुसरा आणि तिसरा करतात, आणि तिसऱ्यानंतर तिरकं बाहेर पडायचं असतं, हे ३ मिनिटांच्या एका राउंडमध्येच अंगाला कळतं. नाकावर ग्लोव्ह बसला तरी डोळे उघडे ठेवायची सवयही तिथेच लागते. ताब्यात ठेवलेल्या स्पर्शाच्या कुमितेत ती सहसा लागत नाही. खर्चही फार नाही : साडेचार मीटरच्या पट्ट्या, सरावाच्या लढतीसाठी १४ ते १६ औंसांचे ग्लोव्ह, दातांचं गार्ड आणि दोरी.

काही त्रास लगेच दिसतात. बॉक्सर डोकं कंबरेपर्यंत खाली नेऊन ठोसा चुकवतो, कारण त्याच्या खेळात लाथ नाही. तीच सवय कुमितेत आली की डोकं आयतं मावाशी-गेरीच्या, म्हणजे गोल फिरवलेल्या लाथेच्या, वाटेत जातं. मागची टाच सतत उचललेली राहते आणि झेनकुत्सु-दाचीत (पुढचा पाय वाकवलेला लांब पवित्रा) गेल्यावर सेन्सेई, म्हणजे कराटेचे शिक्षक, काठीने टाच दाखवतात. ग्लोव्हच्या आत मूठ पूर्ण मिटत नाही आणि मनगट पट्टीच्या आधाराने सरळ राहतं. मग उघड्या हाताने माकिवारावर, म्हणजे ठोशांच्या सरावाच्या फळीवर, मारलं की मनगट दुमडतं. हे सगळं लक्ष ठेवून निभावता येतं.

निभावत नाही ते हिकितेचं.

कराटेत ठोसा मारताना मागे येणारी मूठ, म्हणजे हिकिते, कंबरेशी, तळवा वर. बॉक्सिंगमध्ये तीच मूठ जबड्याशी, कोपर बरगडीला लागून. मंगळवारी कोच ओरडतो, ‘हात खाली नको’. बुधवारी सेन्सेई म्हणतात, ‘हिकिते कुठे आहे?’ दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण शरीर एकच आहे, आणि सरळ ठोसा दोन्हीकडे जवळजवळ तोच असल्यामुळे मेंदू त्यांना वेगळ्या खणात ठेवत नाही. काही महिन्यांत दोन्हींच्या मधलं काहीतरी तयार होतं : मूठ छातीच्या मध्यावरून निघते, कोपर बाहेर उघडतं, शेवटचं वळण अर्धंच होतं. ना कंबरेची ताकद, ना जबड्याचं रक्षण. एक ना धड, भाराभर चिंध्या. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना तर हे फारच ठळक दिसतं. दोन वाटा वेगळ्या ठेवणारे लोक आहेत, पण ते बहुधा रोज दोन्हींचा सराव करणारे असतात. आठवड्याला पाच संध्याकाळी जेमतेम मिळणाऱ्या माणसाला हे जमणं अवघड वाटतं. माझा काटा इथेच ज्युदोकडे झुकला.

कारण ज्युदोत हिकिते पुसलं जात नाही, उलट कळतं. शब्दही तोच आहे. प्रतिस्पर्ध्याची बाही कोपराजवळ धरणारा हात म्हणजे हिकिते, ओढणारा हात. कॉलर धरणारा तो त्सुरिते. ओ-सोतो-गारी ही फेक घ्या. उजव्या हाताने कॉलर, डाव्याने त्याची उजवी बाही. डावा पाय त्याच्या उजव्या पावलाशेजारी, बाहेरच्या अंगाला, टाकायचा. त्याच वेळी बाही खाली आणि आपल्या कंबरेच्या दिशेने ओढायची. त्याचं वजन उजव्या टाचेवर आलं की आपला उजवा पाय त्याच्या पायामागून नेऊन कापायचा. किहोनमध्ये, म्हणजे मूलभूत तंत्रांच्या सरावात, हजारो वेळा रिकामी मूठ कंबरेशी आणली, तिच्यात एका माणसाची बाही असू शकते हे पहिल्यांदा हाताला समजतं. हेइआन शोदान या काताची चौथी हालचाल, पुढची मूठ मागे खेचून तेत्सुई (हातोडीसारखा मुठीचा फटका) मारण्याची, मनगटाची पकड सोडवण्यासाठी आहे असं वर्गात सांगितलं जातं. ज्युदोत कोणी खरोखर मनगट धरून बसतो तेव्हा ती किती जोराने आणि कोणत्या कोनात करायची ते समजतं. तसंही हे घर परकं नाही. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी १९२२ साली तोक्योला आले तेव्हा ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदो संस्थेत प्रात्यक्षिकाला बोलावलं होतं. आपला पांढरा ड्रेस आणि काळा पट्टासुद्धा ज्युदोकडूनच आलेला.

कराटेपटू ज्युदोत कुठे फसतो ते आधी माहीत असलेलं बरं. पहिली गोष्ट पडणं. तोल गेला की हात मागे टेकवायची इच्छा होते आणि त्यातच मनगट, कोपर किंवा गळ्याचं हाड जातं. उकेमीत, म्हणजे पडण्याच्या तंत्रात, हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर, तळवे खाली, मॅटवर आपटायचे. याहून चिवट चूक म्हणजे किमे. आघाताच्या क्षणी सगळं अंग आवळायची सवय आपण वर्षानुवर्षं लावलेली असते. पडताना तसं आवळलं की ओंडका पडावा तसं पडणं होतं. त्या क्षणी श्वास सोडायचा असतो. पहिले सहा ते आठ आठवडे फक्त हेच करायला तयार असाल तरच ज्युदोला जा. ओ-सोतो-गारीत नवशिक्याचं डोकं मागे आपटण्याचा धोका खरा आहे, म्हणून मान धरून ठेवता येईपर्यंत ती फेक कोणाकडूनही अंगावर घेऊ नये.

दुसरी अडचण उभं राहण्याची. लांब झेनकुत्सु म्हणजे ज्युदोवाल्याला दिलेलं आमंत्रणच, पुढचा पाय वजनासकट तिथे ठेवलेला असतो. पावलं खांद्याइतक्या अंतरावर हवीत. हात ताठ करून समोरच्याला दूर ढकलत राहणं हीसुद्धा आपली खास खोड. दहा मिनिटांत खांदे भरून येतात आणि फेक तरीही बसतेच. पकड करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाने घट्ट करायची. अंगठा आणि तर्जनी सैल.

मग येते दे-आशी-बाराई, म्हणजे पुढचं पाऊल झाडून पाडणं. ही आपल्याकडेही आहे, पण आपण ती बहुतेक वेळा वजन असलेल्या पायावर मारतो आणि दोघांच्याही नडग्या सुजतात. ज्युदोत पाऊल जमिनीला लागून वजन घेऊ लागतं तो अर्धा क्षण गाठायचा. तळपाय वाकवून, करंगळीची कड मॅटला घासत, घोट्याच्या हाडाखाली. एवढी एक गोष्ट नीट उचलली तरी कुमितेत फरक दिसावा. कराटे स्पर्धेच्या नियमांत पाय काढून पाडल्यावर लगेच केलेल्या स्वच्छ तंत्राला इप्पोन, म्हणजे ३ गुण मिळतात. मात्र कंबरेच्या वर टेकू घेणारी फेक तिथे चालत नाही; त्यामुळे सेओई-नागे (खांद्यावरून घेतलेली फेक) कितीही देखणी असली तरी ती शेवटी शिकावी. आधी दे-आशी-बाराई, मग को-उची-गारी, मग ओ-सोतो-गारी.

ज्युदोची स्वतःची दुखणी लपवण्यात अर्थ नाही. बोटं सर्वांत आधी. रांदोरीच्या, म्हणजे मोकळ्या सराव लढतीच्या, दुसऱ्या दिवशी मधले सांधे सुजतात आणि सेईकेन (ठोशाची) मूठ पूर्ण मिटत नाही. त्या दिवशी माकिवारा नको, आणि कुमिते स्पर्धेच्या आदल्या दिवशी रांदोरी नकोच नको. अरुंद टेप सांध्याच्या वर आणि खाली गुंडाळावी, सांध्यावर नाही. दुसरं दुखणं नियमांचं : स्पर्धेच्या ज्युदोत पाय हाताने धरायला २०१० पासून मर्यादा आल्या आणि २०१३ मध्ये ते जवळपास पूर्ण बंद झालं. म्हणजे तुमची माए-गेरी (सरळ समोरची लाथ) पकडून कोणी पाडलं तर त्याचं उत्तर आजच्या ज्युदो क्लासमध्ये सहसा मिळत नाही.

ते उत्तर कुस्तीत आहे. एकेरी पट, दुहेरी पट हे पाय धरून पाडण्याचे डाव आणि त्यावरचे तोड तालमीइतके कोणी घोटून घेत नाही. धोबीपछाड आणि सेओई-नागे यांचा सांगाडाही एकच. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य आणलं त्या मुलखात राहून हा पर्याय न बघणं बरं नव्हे. अडचण फक्त दिनक्रमाची. तालीम पहाटेची असते, जोर-बैठकांपासून सुरू होते, आणि दोन संध्याकाळचा पाहुणा वस्तादांना रुचतोच असं नाही. विशीच्या आतला, कोल्हापूर-सांगलीकडचा मुलगा विचारत असेल तर माझं मत कदाचित बदलेल.

ब्राझिलियन जिउ-जित्सूत जमिनीवरचं काम ज्युदोपेक्षा खोल आहे, पण बरेच वर्ग सराव गुडघ्यांवरून सुरू करतात आणि उभ्याने पकडीत येण्याचा जो टप्पा आपल्याला हवा तोच त्यात सुटतो. मुए थायची क्लिंच (उभ्याने अंगाशी घेतलेली पकड) उत्तम आहे, पण लाथेचं तेच होतं जे बॉक्सिंगमध्ये ठोशाचं होतं : गुडघा मागे न घेता नडगी आरपार फिरवायची, आणि आपली मावाशी-गेरी बिघडते. तायक्वांदो म्हणजे आहे तेच पुन्हा. ऐकिदोत उकेमी सुंदर आहे, पण बऱ्याच ठिकाणी विरोध करणारा जोडीदार मिळत नाही.

क्योकुशिनवाल्यांनी मात्र हे सगळं वाचून बॉक्सिंगकडेच जावं असं वाटतं. त्यांच्या स्पर्धेत हाताने चेहऱ्यावर मारायचं नसतं, त्यामुळे लढतीत हात छातीपर्यंत उतरलेले असतात आणि अंतरही फार जवळचं. तिथे जबड्याशी हात ठेवायची सवय बिघाड नाही, दुरुस्ती आहे.

ज्युदो ठरलं तर आधी नुसते बघायला जा आणि मॅट चाचपा. आपल्या कराटे हॉलमधली जोडायची मॅट २ ते अडीच सेंमीची असते. खाली शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर फेकी घेऊ नयेत. ज्युदोची मॅट साधारण ४ सेंमीची आणि दाबाला घट्ट हवी. फार मऊ असली तर अंगठा रुततो आणि वळताना गुडघा पिळवटतो. फेकींच्या सरावासाठी जाड गादी आहे का, नवशिक्याला रांदोरी केव्हा देतात, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याचं उत्तर ‘पहिल्याच आठवड्यात’ असं आलं तर दुसरा क्लास शोधा. कराटेचे तीन दिवस आणि ज्युदोचे दोन, असं पहिले तीन महिने. आपला काळा पट्टा घरी ठेवून पांढरा बांधा, आणि सेन्सेईंना आधीच सांगून ठेवा. बाहेरून कळलं की उगाच मन दुखतं.

कराटेच्या ड्रेसवर ज्युदो करू नका, पहिल्या आठवड्यात काखेतली शिवण उसवते. सुरुवातीला एकेरी विणीचा जॅकेट पुरतो. दुहेरी विणीचा टिकतो जास्त, पण जुलैत मुंबईत किंवा कोकणात तो दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याशी पकड घ्यायला कोणी पुढे येत नाही.