खळ्यातली मैफल: हंगामभराचा पास वापरून झाल्यावर

"दशावतार बघूक पैशे कित्याक?" नोव्हेंबरात लोककलांच्या या मैफलींचा पास काढला तेव्हा आईने विचारलं. आमच्याकडे धयकालो म्हणजे दशावताराचं नाटक, जत्रेत देवळासमोर बसून पहाटेपर्यंत फुकट बघायची गोष्ट, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. तरी दोघांचे मिळून 1,800 रुपये भरले. नोव्हेंबर ते मे, महिन्याला एक शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. जागा सावंतवाडीजवळच्या एका गावातलं चिरेबंदी घर, त्याचं शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि वर माटव, म्हणजे मांडव.

सात कार्यक्रम ठरले होते, सहा झाले. मार्चचा शिमग्यात अडकला. वाजवणारा प्रत्येक माणूस तेव्हा आपापल्या गावच्या पालखीबरोबर असतो, हे तारीख ठरवणाऱ्याला कुणी सांगायला लागावं? पहिला कार्यक्रम झाला, पण तारखेचा घोळ तिथेही तोच. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळींना शनिवार कुठला मोकळा? आलेले लोक साडेआठला उठून तसेच रात्रीच्या नाटकाला गेले.

पण पास वसूल झाला तो त्याच संध्याकाळी. नाटक नाही, रंगलेले चेहरे नाहीत. एक पायपेटी, एक पखवाज, झांज, आणि साध्या पँट-शर्टात पदं म्हणणारा एक नट. आईने अर्धा तास वाट बघितली आणि मग जरा मोठ्यानेच विचारलं, "संकासूर खय गेलो रे?" संकासूर म्हणजे दशावतारातला हसवणारा राक्षस. पुढचे चार-पाच जण हसले. मी मात्र तोवर पेटीवाल्याकडे बघत बसलो होतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, संवाद नट उभ्या उभ्या रचतात, हे लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळे वादकाचं काय होत असेल हा विचार कधी डोक्यात आला नव्हता. पद नेमकं कधी सुरू होणार हे त्यालाही माहीत नसतं. राजाने बोलता बोलता आवाज चढवला की हा भाता मारायला लागतो आणि पहिल्या दोन शब्दांत त्याची पट्टी पकडतो. पायपेटीचा फायदा तिथे कळला: भाता पायाने चालतो, दोन्ही हात सुरांना मोकळे. पखवाजवाला तर नटाच्या तोंडाकडे बघतच नव्हता, त्याची नजर पावलांवर. मागून कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा त्याने युद्धाचा प्रवेश दोनदा वाजवून दाखवला, एकदा पावलं बघून आणि एकदा डोळे मिटून. दुसऱ्या वेळी नट आणि थाप यांच्यात बोटभर फट पडली. चाळीस वर्षं मी दशावतार बघतोय, पण ऐकला त्या दिवशी.

डिसेंबरात कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगितलेली गोष्ट. तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाल्यापासून पिंगुळीचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं. गोठ्यात उभं केलेलं त्यांचं संग्रहालय मीही पाहिलंय. पण मांडून ठेवलेलं चित्र वेगळं आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने एकामागून एक पुढे येणारं चित्र वेगळं. हुडूक हे छोटं चर्मवाद्य, वाजवताना त्याच्या दोऱ्या आवळल्या की आवाज वर जातो, आणि नेमक्या त्या वेळी सांगणारा पुढचं पान समोर धरतो. दोन तासांत नीट बसणारा हा एकच प्रकार. अडचण एवढीच की चित्र हातभरसुद्धा नसतं. चौथ्या रांगेनंतर फक्त गाणं. लोक उठून पुढे सरकले, मग मागच्यांनी आरडाओरड केली. अशा वेळी चाळीसच माणसं घ्या, दोन खेळ करा.

जानेवारीची डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, फसली, आणि ती बुवांमुळे नाही. नमन, रूपावली, अभंग, गजर करत पहिल्या बुवांची बारी रंगली तेव्हाच पावणेआठ झाले होते. त्यांनी टाकलेल्या सवालांना दुसऱ्या बुवांनी घाईघाईत उत्तरं दिली आणि उलटा सवाल टाकायला वेळच उरला नाही. एका बाजूने खेळून सामना संपवला. वर आयोजकांनी बक्षिसं बंद ठेवली होती, "मैफलीची शिस्त" म्हणून. अहो, 101 रुपये देणाऱ्याचं नाव माईकवर येतं आणि त्यावर बुवा कोटी करतात, तोही भजनाचाच भाग झालाय आता. पुढच्या महिन्यापासून बक्षिसं सुरू झाली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. काळ्या वाटाण्याची उसळ मात्र उत्तम होती.

फेब्रुवारीत रत्नागिरीकडचा जाखडीचा, म्हणजे फेर धरून नाचायच्या गाण्यांचा, फड आला. हौसेने बांधलेल्या लाकडी स्टेजवर शाहीर आणि ढोलकीवाला मध्ये बसले की भोवती फेर धरायला जागा कुठली? पहिल्या गणालाच एका नाचणाऱ्याचा पाय काठावरून सरकला. मग सगळे सरळ खाली खळ्यात उतरले, आम्ही खुर्च्या उचलून गोल केल्या, आणि शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब पायातल्या चाळांसकट अंगावर आले. तेव्हापासून स्टेज गायब आहे.

एप्रिलला मुंबईहून आलेल्या मुलांनी गिटार आणि ढोलकी एकत्र वाजवली. ठीक. मे महिन्यात पुन्हा भजन, या वेळी एकाच बुवांचं, म्हणून निवांत.

सगळ्यात मोठी तक्रार आवाजाची. दीडशे माणसांच्या खळ्याला लग्नातले बॉक्स कशाला? "पखवाज खयचो नि पेटी खयची, काय कळाक नाय," हे आईचं मत घरी येईपर्यंत तीनदा ऐकलं. मे महिन्यात दमट हवेने पखवाजाच्या पुडीचा, म्हणजे कातड्याचा, सूर सारखा उतरत होता. वादक दर दहा मिनिटांनी वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकत होता, डाव्या पुडीची कणीक बदलत होता, आणि तेवढ्या वेळात साउंडवाला आवाज आणखी वाढवत होता. एकदा जाऊन सांगितलं. कमी केला, मी जागेवर येईपर्यंत परत वाढवला.

बाकी बारीकसारीक: डास भरपूर, पार्किंग रस्त्यावरच, परतीला एसटी मिळत नाही, भारतीय बैठक चांगली पण गुडघे दुखणाऱ्यांनी सहालाच पोचून खुर्ची धरावी.

पुढच्या हंगामाची नावनोंदणी सुरू झालीय, पासाचे दर शंभराने वाढलेत. डबलबारीला रात्री नऊची वेळ द्या आणि पहाटेपर्यंत चालू द्या, असं मी कळवलंय. "बघूया" असं उत्तर आलं. आईने तिच्यापुरती अट घातली आहे: खुर्ची पेटीवाल्याच्या बाजूला, बॉक्सच्या मागे.