जुन्या जीपचा रोल केज: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या आखूड व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या), उघड्या जुन्या जीपला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर बसणाऱ्यांना वाचवणारी पोलादी पाइपांची चौकट, बसवून आता बरेच महिने झाले आहेत. या काळात गाडी दगडी चढ, नदीपात्र, चिखल आणि लांबचे डांबरी रस्ते अशा सगळ्यांवरून गेली. ती एकदाही उलटलेली नाही, त्यामुळे केजची अंतिम परीक्षा झाली, असा माझा दावा नाही. मात्र निवड करताना काय पाहायला हवे आणि रोजच्या वापरात केज कसा वागतो, हे आता खात्रीने लिहिता येईल. माझ्या मते जुन्या गाडीच्या बाबतीत पाइपच्या जाडीची चर्चा नंतर करावी; केजचे पाय कशावर उभे राहणार आहेत, हे आधी पाहावे.

या गाड्यांना कमरेच्या वर आधार असा काही नसतोच. पुढची काच बॉनेटवर आडवी पडते, हूडच्या कांबी फक्त कापड धरतात, आणि खालचा पत्र्याचा टब रबरी माउंटवर चासीवर ठेवलेला असतो. गाडी उलटली की सगळे वजन केजच्या चार-सहा पायांतून जाते. खालचा पत्रा कुजलेला असेल, तर पाय तो फाडून खाली घुसतात आणि कितीही भक्कम पाइप असला, तरी बसणाऱ्याच्या डोक्यावरची जागा कमी होते. माझ्या गाडीचा फ्लोअर वरून रंगवलेला आणि शाबूत दिसत होता. पण खालून स्क्रॅपर फिरवताच ड्रायव्हरच्या बाजूला पत्र्याचे पापुद्रे हातात आले, आणि आधाराच्या चॅनेलमध्ये वर्षानुवर्षांची माती दगडासारखी घट्ट बसलेली निघाली. त्यामुळे आधी फ्लोअर बदलला आणि मगच केजचे माप घेतले. हा क्रम उलटा करू नये.

पायांसाठी मी एफआयएच्या, म्हणजे मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, मोटारस्पोर्ट नियमांचा आधार घेतला. त्यांत मुख्य आणि पुढच्या पायांखाली किमान 3 मिमी जाडीची, 120 चौरस सेंमी क्षेत्रफळाची प्लेट आणि प्रत्येक पायाला किमान तीन एम8 (8 मिमी व्यासाचे), 8.8 या मजबूत ग्रेडचे बोल्ट सांगितले आहेत. हे मोजमाप चांगल्या पत्र्यासाठी आहे, हे लक्षात घेऊन मी प्लेट मोठ्या घेतल्या आणि त्यांची एक कड टबच्या उभ्या भिंतीवर चढवली.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड होता: केज फक्त टबला धरायचा की चासीलाही? फक्त टबला धरला, तर सगळी भिस्त पत्र्यावर आणि बॉडी माउंटच्या बोल्टांवर राहते. टबला भोके पाडून केज थेट चासीला वेल्ड केला, तर खडकांवर चासी पिळवटते तेव्हा रबरावरचा टब एका दिशेने आणि केज दुसऱ्या दिशेने ओढला जातो, आणि सांध्याजवळ भेगा पडू लागतात. मी मधला मार्ग घेतला. पाय टबवरच्या प्लेटवर ठेवले आणि प्रत्येक पायाखाली चासीपासून निघालेला ब्रॅकेट पॉलियुरेथेन बुश (रबरासारखी लवचीक चकती) घालून जोडला. सुरुवातीच्या काही खडतर फेऱ्यांनंतर बुश बसले, बोल्ट सैल झाले आणि कुरकुर ऐकू येऊ लागली. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळल्यावर ती थांबली. आता प्रत्येक मोठ्या फेरीनंतर पाना लावून पाहणे हा नेमच झाला आहे.

पाइपबद्दल थोडक्यात. एफआयएच्या नियमांनुसार मुख्य कमानीला (सीटांमागच्या आडव्या कमानीला) 45 × 2.5 मिमी किंवा 50 × 2 मिमीचा (बाहेरचा व्यास × भिंतीची जाडी), कोल्ड-ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड असताना ओढलेला बिनजोडाचा, कार्बन स्टीलचा पाइप चालतो. हिशेब केला तर दुसरा पाइप मीटरमागे सुमारे पाव किलोने हलका पडतो आणि वाकण्याला थोडा अधिक विरोधही करतो. तरीही दगडांचा आणि फांद्यांचा मार बसणार असल्याने पोचे न येणारी जाड भिंत मला अधिक भरवशाची वाटली. पाण्याचा पाइप मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी वापरू नये. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रधातूचे पोलाद) चांगला, पण त्याला तितकाच निष्णात वेल्डर लागतो. वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुती किंवा चपटेपणा दिसला, तर तो पाइप परत करावा.

वेल्डिंगची खरी कसोटी कमानीच्या वरच्या सांध्यांवर होते. बॉडीला चिकटलेल्या केजच्या वरच्या भागापर्यंत वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही, आणि तिथे सांधा तीनच बाजूंनी जोडून वर रंग मारला जातो. आमच्या वेल्डरने फ्लोअरमध्ये पायांच्या जागी भोके ठेवली, कमान त्यांतून खाली उतरवली, वरचे सांधे पूर्ण गोल फिरून वेल्ड केले, मग कमान वर उचलून खाली प्लेट बसवल्या. रंगाआधी प्रत्येक सांध्याभोवती बोट फिरवून पाहावे. खंड असेल तर लगेच जाणवतो. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला जाड रंगाचा थर) टाळून मी साधा रंग निवडला, कारण केसाएवढी भेग त्यात लवकर दिसते आणि डागडुजीही सोपी जाते.

काही गोष्टी सोडाव्या लागल्या. काच आता आडवी पाडता येत नाही, आणि मूळ हूडला नवे शिवण घालावे लागले. मुख्य कमानीतला तिरका पाइप मागचे थोडे दृश्य झाकतो, तरी तो काढण्याचा विचारही करू नये, कारण त्याच्याविना चौकट आडव्या जोराने कलंडते. डोक्याजवळच्या पाइपांवर कडक, प्रमाणित पॅडिंग आहे. मऊ फोम डोके वाचवत नाही. हेल्मेट नसेल तर कडक पॅडिंगही पुरेसे नाही, म्हणून डोके आणि पाइप यांतले अंतर आणि खांद्यावरून जाणारा पट्टा यांना मी सर्वाधिक महत्त्व दिले. पट्टा सैल असेल, तर तोच केज डोक्यावर आघात करतो.

वजनाचा परिणाम बाजूच्या उतारावर जाणवतो. वीसेक मीटर पाइपचे पन्नास किलोंहून अधिक वजन होते, आणि त्यातले बरेचसे वरच्या भागात असते. त्यामुळे केजवर कॅरियर लावून सामान चढवण्याच्या कल्पनेला मी ठाम नकार दिला.

मागच्या समोरासमोरच्या बाकांचा प्रश्न मात्र केजने सोडवला नाही. तिथे बसणाऱ्याचे डोके तिरक्या आधारपाइपांना लागते आणि पट्ट्याला योग्य जागाही मिळत नाही, म्हणून बाक काढून टाकले. गाडीत आता दोघेच बसतात, आणि मागे पाना, प्लेट आणि दोरखंड जातो.