किमतीच्या स्टिकरखाली काय होतं

'खास जुन्या गाड्यांसाठी' असं छापलेला ऑइलचा डबा कुणी घ्यायच्या बेतात असेल, तर आधी तो फिरवून मागची बाजू वाचा. मी वाचली नाही. ते मला एक कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा फिरता दांडा) आणि आठ टॅपेटना (त्याचा रेटा झडपांकडे नेणारे तुकडे) पडलं.

गाडी १९६७ची, चार सिलिंडरची. तिच्या मॅन्युअलमध्ये ऑइलपुढे 'एमएस' एवढंच लिहिलंय. पेट्रोल इंजिनाच्या तेलाचे तेव्हा एमएल, एमएम आणि एमएस असे वर्ग होते, त्यातला एमएस सगळ्यात खडतर कामाचा. ही अक्षरं कधीच बाद झाली. मी आपला मॅन्युअल काखोटीला मारून गेलो. विक्रेत्याने ते पान इतक्या मायेनं वाचलं की मी तिथेच विरघळलो.

"साहेब, आजची तेलं हिला पचायची नाहीत. त्यातलं डिटर्जंट जुनी काजळी उखडतं आणि तेलाचे मार्ग तुंबवतं. हिला त्या काळचंच तेल हवं." असं म्हणून त्यानं डबा काढला. वर जुन्या गाडीचं देखणं चित्र, 'एसएई ३०' हा तेलाच्या दाटपणाचा आकडा, आणि किंमत नेहमीच्या ऑइलच्या तिप्पट.

त्याचं बोलणं निव्वळ थाप असतं तर मी फसलो नसतो. वर्षानुवर्षं गाळ साचलेल्या इंजिनात डिटर्जंटवालं तेल एकदम ओतलं तर गाळ सुटतो, हे खरंच आहे. ज्या फार जुन्या इंजिनांना फिल्टरच नसतो, तिथे काही जण बिनडिटर्जंट तेल मुद्दाम वापरतात. पण माझ्या गाडीला फिल्टर आहे आणि इंजिन आतून धुऊन नव्यानं बांधलेलं होतं. हे मी त्याला सांगितलंही होतं.

पुढची गंमत म्हणजे मी खूश होतो. डिपस्टिक पुसून पाहावी तर हजार किलोमीटरनंतरही तेल मधासारखं सोनेरी. चांगलं तेल काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं पडतं. माझं तेल काहीच धरत नव्हतं, सगळं खाली बसत होतं.

चारेक हजार किलोमीटरवर टकटक सुरू झाली. टॅपेट सेट केले, आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी मिस्त्रीनं कव्हर उघडलं. कोपऱ्यांत बोटानं निपटून काढावा असा काळा लगदा होता. कॅमशाफ्ट बाहेर आल्यावर त्याच्या तिसऱ्या लोबवरून, म्हणजे टॅपेटला ढकलणाऱ्या उंचवट्यावरून, त्यानं माझंच बोट फिरवलं. टोक असायला हवं तिथे सपाटी लागली. या इंजिनात टॅपेट लोबवर घासत सरकतो. तिथे धातूला धातू लागू नये म्हणून तेलातलं जस्त आणि फॉस्फरस थर धरतं. माझ्या तेलात दोन्ही नव्हतं.

घरी येऊन उरलेल्या डब्यावरचं किमतीचं स्टिकर नखानं सोललं. खाली बारीक अक्षरांत 'एपीआय एसए' आणि एक इशारा: १९३०नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना हे तेल योग्य नाही. एपीआय ही एमएल-एमएसच्या जागी आलेली वर्गवारी, 'एस'पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका वर्ग नवा. एसए म्हणजे जुना एमएल, हलक्या कामाचा. १९६७च्या गाडीला निदान एससी लागतं. स्टिकर चुकून तिथे बसलं असेल, असंही मनाला समजावून पाहिलं. मग जाऊन त्याच्याकडचे बाकीचे डबे पाहिले. सगळ्यांवर तिथेच! विचारल्यावर त्यानं शांतपणे जस्ताच्या पुरवणीची बाटली पुढे केली. तीही विकत.

अर्थात, नव्यातलं नवं तेल घेतलं की सुटलो, असंही नाही. २००४च्या एसएम वर्गापासून ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्के, कारण तो धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो. माझ्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. आता २०डब्ल्यू-५० हे दाट तेल घालतो, तेही उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात जस्ताचा आकडा हजार पीपीएमच्या (दहा लाखांत हजार भागांच्या) वर दिसला तरच. पत्रक नसेल तर घेत नाही, मग विक्रेता कितीही गोड असो.

नवा कॅमशाफ्ट बसल्यावर त्याचे लोब नीट रुळावेत म्हणून पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर धरून बसलो होतो, जीव मुठीत घेऊन. टकटक नाही. तो सोनेरी डबा अजून आहे. फाटकाच्या बिजागऱ्यांना उत्तम चालतो.