पंचवीस वर्षांची स्प्लेंडर आणि तिसऱ्या पासिंगनंतरचं दीड वर्ष

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, 97.2 सीसी, जून 1999ची. आधी वडिलांची, आता माझ्या नावावर. रोजचं पुण्यात धायरी ते स्वारगेट आणि परत, रविवारी फार तर खडकवासला. ॲव्हरेज अजून पंचावन्नच्या आसपास देते. जून 2024ला तिचं तिसरं पासिंग झालं, म्हणजे आरटीओत गाडी दाखवून रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं. तेव्हापासून सोसायटीत आणि ऑफिसात एकच प्रश्न: "एवढी जुनी गाडी पास कशी होते हो?" त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ते वाढवून घ्यायचं. त्यासाठी फॉर्म 25 लागतो, आणि मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. मुदत चुकली की दुचाकीला महिन्याला 300 रुपये जादा, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. 2019ला मी 300 रुपये फी भरली होती. एप्रिल 2022 पासून ती 1000 झाली, तीच 2024ला भरली, वर पाच वर्षांचा पर्यावरण कर 2000. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारसायकलची फी 2000 केली आहे, म्हणजे 2029ला गेलो तर तो आकडा माझ्यासाठी.

आता पासिंगचा दिवस. इंजिनाबद्दल मला काडीची काळजी नव्हती. अडलो कुठे, तर चेसिस नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबरवर. तो हँडलच्या नळीवर ठोकलेला असतो. मागे कधीतरी मी गंज घासून तिथे हौसेने काळा रंग मारला होता, दोन हात. कागद ठेवून पेन्सिल घासली तर ठशात निम्मे आकडे गायब! शेवटी बाजूच्या टपरीतून थिनर आणि चिंधी आणून अर्धा तास रंग काढत बसलो. दुसरी अडचण साडी गार्डची. तो मी "उगाच खडखडतो" म्हणून काढून माळ्यावर टाकला होता. पण मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण आणि मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, हे नियमातच आहे. त्यामुळे आदल्या रात्रीच माळा धुंडाळून तो परत लावला. त्याचे मूळ बोल्ट काही सापडले नाहीत, ते नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून आणले होते. आपल्या जुन्या गाड्यांची अर्धी आयुष्यं नाना पेठेवर चालली आहेत.

हेडलाइटचं मात्र गंमतशीर आहे. या गाडीत हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरलं की वीज करणाऱ्या भागावर चालतो. इंजिन स्लोवर असलं की उजेड देवघरातल्या समईइतका. आरटीओच्या साहेबांनी "लाइट लावा" म्हटलं आणि मी सवयीने गाडी स्लोवर सोडून लावला. त्यांनी एक भुवई वर केली. मी रेस दिली, तेव्हा कुठे लाइट पडला. एलईडी टाकायचा मोह मला दर पावसाळ्यात होतो, पण समोरच्याचे डोळे दिपवून स्वतःला दिसण्यात काय अर्थ आहे? टाकला नाही.

तर गाडी पास झाली, पाच वर्षांची निश्चिंती झाली, आणि दोनच महिन्यांनी राजाराम पुलाजवळ भुरभुर पावसात मी आडवा झालो. वेग फार नव्हता, गुडघा सोलला एवढंच. कारण मागचा टायर. नक्षी शाबूत, कोणी पाहिलं तर चांगला म्हणेल. पण टायरच्या अंगावर चार आकडी कोड असतो, त्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर होतं 2316, म्हणजे 2016चा तेविसावा आठवडा. रबर दगडासारखं कडक आणि बाजूला बारीक भेगा. हा टायर पासिंगला कोणाच्या नजरेत भरला नाही. माझ्याही नाही, आणि गाडी रोज मी चालवतो.

त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या लेस्टरच्या चुलतभावाशी फोनवर हे बोललो. तिकडे तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी तपासणी सक्तीची. त्यात मोटारसायकलचं हँडल, बेअरिंग, ब्रेक, टायर, शॉकअप, सगळं हलवून बघतात. आणि गंमत म्हणजे मोटारसायकलचा धूर मात्र मोजतच नाहीत. आपल्याकडे बरोबर उलटं. दर सहा महिन्यांनी आपण जुन्या गाडीवाले पीयूसीला धूर मोजून येतो, बाकी गाडीकडे पाच वर्षं बघायचं नाही.

धुराचंच सांगतो. मार्च 2000च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्यांना त्याहून कमी. त्यामुळे माझी म्हातारी इथे सवलतीत आहे. एकदा मात्र 5.1 आला. पीयूसीवाला मुलगा म्हणाला, "काका, चोक बघा." चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी कळ, अर्धा ओढलेला, आणि मी तसाच घरून आलो होतो! चोक बंद करून इंजिन तापू दिलं, 2.3. दुसऱ्या खेपेला आला 0.8. मी खूश. मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला आणि सायलेन्सरखाली बोट घातलं: खालून गंजून भोक पडलेलं. त्यातून हवा शिरते, धूर पातळ होतो, आकडा गोंडस येतो. सायलेन्सर बदलल्यावर परत 2.1. तेव्हापासून फार चांगला आकडा आला की मी आधी सायलेन्सर बघतो.

नंबर प्लेटही या काळात बदलली. जुनी वडिलांनी हौसेने मराठी आकड्यांत करून घेतलेली. आता हाय सिक्युरिटी प्लेट, जीएसटीसह 531 रुपये. बसवायला दहा मिनिटं लागली. जुनी पाटी घरी ठेवली आहे.

मी भावाच्या यादीची नक्कल केली आणि दसऱ्याला जोडली. गाडी धुऊन हार घालायचाच असतो, तर आदल्या रविवारी तपासणी. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलायचं, हँडल हळूच मध्यावर आणायचं, अडकल्यासारखं वाटलं की कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवायचं, तेल लागलं की सील गेलं. मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवायचं. ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का ते भिंतीवर बघायचं, बायकोला हाक मारायची गरज नाही. 2024च्या दसऱ्याला कोनसेट निघाला, बदलला. 2025ला पेट्रोलचा पाइप. कडक होऊन टोकाला चिरला होता. मिस्त्री म्हणतो हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर जातं. ते खरं असेल किंवा पाइपच जुना असेल, शंभर रुपयांच्या आतलं काम, वाद कशाला घाला.

विकत घ्यावी का, असं कोणी विचारलं तर अशी गाडी मी दुसऱ्याला घ्यायला सांगणार नाही. घरात असेल तर ठेवा, पण टायरचा कोड आज खाली जाऊन वाचा. माझा नवा 2424 आहे, पुढचा अजून 2019चा. या दिवाळीत राहून गेला, जानेवारीच्या पीयूसीआधी बदलायचा आहे.