घरपोच रक्ततपासणी: वेळेला पक्की, एलडीएचला कच्ची

वडिलांच्या तळपायाचा मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) फुप्फुसांपर्यंत पोहोचल्यापासून त्यांना दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपी दिली जाते आणि त्याआधीच्या रक्ततपासण्यांसाठी आम्ही पुण्यातील एका मोठ्या लॅबची घरपोच सेवा घेतो. सकाळी सातची वेळ ठरली की माणूस सातला दारात उभा असतो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाईलवर येतो. कौतुक इथपर्यंतच.

पहिल्याच वेळी फोनवरील बाईंनी पुरुषांसाठीचे ‘ट्यूमर मार्कर पॅकेज’ घेण्याचा आग्रह धरला. त्यात पीएसए, सीईए, सीए 19-9 आणि एएफपी होते. या चाचण्या प्रामुख्याने प्रोस्टेट, आतडे, स्वादुपिंड आणि यकृत यांच्या कर्करोगांत वापरतात, मेलानोमाच्या पाठपुराव्यात त्यांचे काही काम नाही. ज्या साध्या, स्वस्त चाचणीला या रोगात खरे वजन आहे, ती एलडीएच (पेशींमधील एका एन्झाइमचे रक्तातील प्रमाण) मात्र पॅकेजमध्ये नव्हतीच. 2018 पासून लागू असलेल्या एजेसीसीच्या (कर्करोगाचे टप्पे ठरवणारी अमेरिकी संस्था) वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत, दूरवर पसरलेल्या मेलानोमाच्या प्रत्येक उपगटासोबत एलडीएच वाढले आहे की नाही, याची नोंद केली जाते. जर्मनीत पाठपुराव्यासाठी वापरली जाणारी एस100बी ही चाचणीही लॅबच्या यादीत नाही; पण आमच्या डॉक्टरांनी ती सांगितलेलीच नव्हती, त्यामुळे तो दोष मी धरत नाही.

खरी तक्रार चौथ्या वेळची आहे. आधी 198 असलेले एलडीएच एकदम 412 आले आणि ती रात्र आम्ही जागून काढली. सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला, तो रक्त घेताना शीर नीट सापडली होती का, हा. सापडली नव्हती, दोनदा टोचून, सिरिंज जोराने ओढून रक्त काढले होते. तांबड्या पेशींमध्ये एलडीएच सीरमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, त्यामुळे त्या फुटल्या की रोग जागचा हलला नसला तरी आकडा फुगतो. नमुन्यात हिमोलिसिस, म्हणजे तांबड्या पेशींची फूट, झाल्याची एक ओळ रिपोर्टखाली असती, तरी पुरे होते. दोन दिवसांनी केंद्रावर जाऊन दिलेल्या रक्तात एलडीएच 205 निघाले. लॅबने पैसे परत केले, पण त्या न छापलेल्या ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही.

लॅब बदलण्याचा विचार करणाऱ्यांनी रिपोर्टवरील एलडीएच मोजण्याची पद्धत आधी पाहावी, कारण एका पद्धतीत वरची मर्यादा 250 च्या आसपास असते, तर दुसरीत 460 पर्यंतचा आकडाही सामान्य मानला जातो. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना त्यामुळे फसवी ठरते.

हिमोग्राम आणि थायरॉइडसाठी आम्ही अजूनही याच माणसाला घरी बोलावतो. एलडीएचसाठी मात्र वडिलांना रिक्षाने केंद्रावर नेतो, आणि तिथल्या अनुभवी सिस्टर पहिल्याच टोचणीत शीर पकडतात. घरपोच सेवेला पाचपैकी अडीच गुण.