पाठटेकीची व्यायाम-सायकल: आठ महिने, त्यात कोकणातला एक पावसाळा

अख्खा पावसाळा काढून झाल्यावर हे लिहितोय, कारण किनाऱ्यालगतच्या घरात कुठल्याही यंत्राची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्येच होते. सायकल मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाने पेडल जड-हलकं होणारी, जडपणाच्या आठ टप्प्यांची, रुंद सीटची आणि मागे पाठ टेकायला आधार असलेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीच्या सायकली सांगाड्याने जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो सीट किती खाली येते आणि गंज किती लवकर धरतो यात.

गुडघे झिजलेल्या माणसाला आपल्याकडे नुसतं 'रोज चाला' सांगणं पुरत नाही. घर वरच्या वाडीत, रस्ता खाली आणि मधे जांभ्याची पाखाडी, तिच्या पायऱ्याही कमी-जास्त उंचीच्या. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, पायऱ्या उतरताना तीन पटींच्या वर जातो. सायकलवर बरंचसं वजन सीट पेलते, म्हणून बेताच्या जोराने पेडल मारलं तर भार साधारण वजनाइतकाच राहतो. शिवाय मॅग्नेटिक सायकलला लाईट लागत नाही. पावसात दिवसदिवस लाईट नसते तिथे ट्रेडमिल घेऊ नका.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या सीटच्या उंचीत. सायकलवर बसा, एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवलात की गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो, तेच हवं. सीट खाली असेल तर गुडघा वर येताना फार दुमडतो आणि वाटीमागे दाब येऊन पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि गुडघ्याच्या मागची शीर ताणते. आठवड्याभरात 'सायकलने गुडघे जास्तच दुखायला लागले' म्हणणाऱ्यांची सीट आधी तपासावी. बहुतेक वेळा ती खालीच असते, कारण पाय जमिनीला टेकले की सुरक्षित वाटतं. चढायला भिंतीचा आधार घ्या, पण त्यासाठी सीट खाली करू नका. पाच फुटांहून कमी उंचीच्या बायकांना उलट अडचण येते: सीट शेवटच्या भोकात घातली तरी उंचच पडते. म्हणून दुकानात बसून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पूर्ण फेरी मारायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर जोर लावून फिरवू नका. पेडल अर्ध्यापर्यंत पुढे-मागे झुलवत राहा, काही दिवसांत फेरी सुटते. पहिले दोन आठवडे पहिल्या टप्प्यावर, मिनिटाला ५०-६० फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. नंतर दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवून वीसवर थांबा, आणि मगच टप्पा वाढवा. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर वेळ निम्म्यावर आणा. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला तर सायकल बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. पडद्यावरच्या कॅलरीच्या आकड्याकडे लक्ष देऊ नये, तो अंदाजच असतो.

आता गंज. पहिला धरला सीटच्या दांड्याच्या भोकांवर, कारण पिन घासून तिथला रंग उडतो. मग पेडलच्या आसावर, आणि नंतर खालच्या आडव्या पायांच्या प्लास्टिक टोप्यांच्या आत, जिथे पुसलेलं पाणी साचतं. दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं आणि दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्यायचा. रंग उडाला असेल तिथे पॉलिश पेपर मारून रेडऑक्साइड (गंजरोधक लाल रंग) लावा. सायकल प्लास्टिकने झाकू नका, आत दमट हवा कोंडते. जुनी सुती साडी बरी. पडवीत वारा छान लागतो, पण तोच खारा वारा सायकल खातो, म्हणून ती माजघरात ठेवावी. जमीन सारवलेली असेल तर खाली प्लायची फळी हवी, नाहीतर पाय रुततात आणि सायकल डुलते.

तीन-चार आठवड्यांनी टक-टक आवाज येऊ लागतो. आधी पेडल आवळा, मग क्रँकचा, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचा नट. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. जोडतानाच चुकीच्या बाजूने दामटलं तर आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो.

पाऊस संपला की जोडीला किनारा आहे. कोरडी वाळू टाळा. पाऊल रुततं आणि गुडघा पिळवटतो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू चांगली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते: चतुर्थीला तीन, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सकाळची वाळू मोकळी सापडते, अष्टमीला मात्र सहालाच भरती. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्यासारखा किनारा सपाट असेल तर उत्तम. उतरत्या किनाऱ्यावर एक पाय सतत खाली पडतो, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच वाटेने परत या.

एक उणीव सायकल भरून काढत नाही: गुडघा पूर्ण सरळ करणारी मांडीची ताकद. त्यासाठी पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच आकडे मोजा, असं दहा वेळा, दोन्ही पायांनी. मग उंच खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, सुरुवातीला पाचच वेळा. खुर्ची बुटकी वाटली तर वर घडी घातलेली गोधडी ठेवा. विळीवर उकिडवं बसणं मात्र सोडावं लागेल. विळी टेबलाला घट्ट बसवून घेता येते, किंवा सुरीची सवय करावी.