आईचा तंबोरा आणि मिरजेतलं दुरुस्तीचं दुकान

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली आणि माळ्यावरची आईच्या तंबोऱ्याची गवसणी डोळ्यांसमोर आली. विसरले कधीच नव्हते, हात लावायचा धीर होत नव्हता. २०२१ च्या मे महिन्यात दादा गेला आणि अकराव्या दिवशी आई. त्यानंतर आमच्या घरात तंबोरा लागलाच नाही.

दुकान सतारमेकर गल्लीत. रिक्षा तोंडाशी सोडते, पुढं तंबोरा कडेवरच्या पोरासारखा सांभाळत चालायचं. आत एक खोली, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे रचलेले, लाखेचा वास. दुकानातल्या कारागीर चाचांनी गवसणी काढली, खुंट्या पिळून पाहिल्या, भोपळ्यावर टिचक्या मारत कान लावला. मागं वीतभर चीर होती. "आपटलाय कुठं?"

मग सांगितलं. ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, गावभागात आमच्या घरात छातीएवढं पाणी. दादानं टीव्ही सोडला, फ्रिज सोडला आणि तंबोरा डोक्यावर धरून जिना चढला. वळणावर कठड्याला लागला. आई वरून ओरडत होती, "अरे, आधी तू वर ये!"

इतकी वर्षं माझ्या तोंडी फक्त ऑक्सिजन, बेड आणि ते अकरा दिवस. हा जिना मी कुणालाच सांगितला नव्हता.

चाचा म्हणाले, "भोपळा बदलता येईल. पण चीर सांधली तरी आवाजाला काही होत नाही ताई. सांधा दिसेल तेवढा." म्हटलं, दिसू दे.

नवीन तारा, दोन खुंट्या, सांधा आणि जवारी (तारा टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवणं) मिळून ३,२०० रुपये झाले. मला रास्त वाटले. दोन आठवडे सांगून साडेपाच लावले, फोन उचलत नाहीत, हे मात्र खटकलं. लांबून येणाऱ्यांनी जादा दिवस धरूनच यावं.

जवारी काढताना समोर बसू देतात, ते चुकवू नका. घोडीवर कानशीचे दोन हात, तार छेडायची, परत दोन हात. मग तारेखालचा दोरा नखभर सरकवला आणि मघाशी नुसती टणटणणारी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार एकदम खुलली. तिच्यातून गंधार, म्हणजे 'ग' हा सूर, यायला लागला. आई रोज पहाटे तंबोरा लावून आम्हा दोघांना विचारायची, "गंधार ऐकू येतोय का?" दादा झोपेतच "हो" म्हणायचा. तीस वर्षं तो आवाज ऐकत मी जागी झाले. केवढं मिळालं होतं मला, हे त्या खोलीत बसून कळलं. रडले. चाचांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि काम चालू ठेवलं.

"पट्टी कुठली?" म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' कुठल्या सुरावर. आईची काळी चार, तेच तोंडात आलं. चाचांनी विचारलं, "गाणार कोण?"

माझ्या पांढरी पाचमध्ये लावून घेतला.

आता सकाळी पंधरा मिनिटं बसते. दादाची लेक शेजारी येऊन बसते. तिला विचारते, गंधार ऐकू येतोय का. डोळे मिटून बराच वेळ ऐकते आणि म्हणते, "अजून नाही, आत्या."